पित्त नव्हतं ते

आमच्या सरांना मी अजून माफ केलेलं नाही. रोज सकाळी भाट्याच्या पुळणीवर ते समोरून येतात, हात वर करतात, आणि मी मुद्दाम समुद्राकडे बघत पुढे जाते. शाळेतली मुलं म्हणतात, बाईंच्या नाकावर राग असतो. असतोच. पण तो तास संपायच्या आत उतरतो. हिमालयातून आणलेला राग मात्र दीड वर्ष झालं तरी जागचा हललेला नाही.

सर म्हणजे निवृत्त पीटी शिक्षक. भाट्याला चालायला येणाऱ्या आम्हा सात जणांचा, स्वतःला धरून, त्यांनी ग्रुप केला आणि एके दिवशी जाहीर करून टाकलं, "गणपती झाले की आपण हिमालय करायचा." हिमालय करायचा. काशी करावी तसा. साडेतेरा हजार फुटांवरची एक खिंड त्यांनी मोबाइलवर बघून ठेवली होती. आमच्यापैकी कुणी महाबळेश्वरपेक्षा उंच जागी रात्र काढलेली नव्हती. पण सरांच्या मते कोकणी माणूस जन्मापासून घाट्या चढतो, त्याला डोंगराचं काय कौतुक!

मग तयारी. सॅकमध्ये पाच किलो तांदूळ भरायचे आणि भगवती किल्ला चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. सर वर शिट्टी घेऊन उभे. मी पहिली पोचायची. बायकांत नव्हे, सगळ्यांत. माझा नवरा माझ्यामागून चार-पाच मिनिटांनी यायचा आणि कठड्यावर बसून पाणी प्यायचा. आम्ही कॉलेजपासूनचे, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करते आणि तेव्हा चिडवायचेही भरपूर. ती खिंड मला हवी होती, हे मी आडपडदा न ठेवता सांगते. तिचा फोटो मी फोनच्या पडद्यावर लावला होता. स्टाफरूममध्ये दाखवून झाला होता. मुलांच्या परीक्षा, सासू-सासऱ्यांच्या आजारपणातल्या गावच्या फेऱ्या, सगळं निस्तरून झाल्यावर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काहीतरी निव्वळ माझं म्हणून मिळणार होतं.

आठवी आमच्यात आली ती बाय. बाय म्हणजे माझी धाकटी नणंद, घरात तिला सगळे बायच म्हणतात. लग्न केलं नाही. दाभोळला राहून आई-वडिलांचं शेवटपर्यंत तिनेच केलं, आता तिथल्याच अंगणवाडीत शिकवते. मुंबईपलीकडे ती कधी गेली नव्हती. नवरा म्हणाला, तिला घेऊन जाऊ या. मीही हो म्हटलं. ती तिकडे दाभोळात रोज पहाटे घरामागची उभी घाटी चढून-उतरून सराव करायची आणि फोनवर मला सांगायची, "वैनी, आज तीनदा केली गो!"

आता बायचं पित्त. आमच्या घरात ते तिच्या लहानपणापासून आहे असं म्हणतात. उन्हातून आली, डोकं दुखलं, की पित्त. दोन ठिकाणी जमत आलेलं लग्न मोडलं तेव्हा ती दोन दिवस डोक्याला फडकं बांधून पडली होती. तेही पित्तच. उपाय ठरलेले. आधी आमसुलाचं आगळ पाण्यात घालून द्यायचं. त्याने नाही भागलं तर पित्त पाडायचं. म्हणजे कोमट मिठाचं पाणी तांब्याभर प्यायचं, घशात बोटं घालायची आणि ओकून मोकळं व्हायचं. पित्त पडलं की माणूस झोपतो, सकाळी उठतो, कामाला लागतो. आमच्याकडे घरोघरी हेच करतात. निघताना मी आगळाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून घेतली होती, याचा मला तेव्हा केवढा अभिमान!

रत्नागिरीहून दिल्लीच्या गाडीत बसलो, पुढे बस, पुढे जीप. रस्ता संपला त्या गावात आमचा गाईड भेटला. तिथलाच, पस्तिशीचा, कमी बोलणारा. पहिल्याच संध्याकाळी त्याने सगळ्यांना समोर बसवून एक गोष्ट सांगितली. वर गेल्यावर डोकं दुखलं तर ते उंचीमुळेच दुखतंय असं धरायचं, दुसरं कारण सापडेपर्यंत. लपवायचं नाही. लपवलं तर माणूस जातो. असं त्याने शांतपणे सांगितलं. मग रोज संध्याकाळी तो प्रत्येकाच्या बोटाला ते ऑक्सिजनचं चिमटं लावायचा आणि विचारायचा, डोकं कसंय, जेवलात का, झोप लागली का.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका ग्रुपमधल्या माणसाला त्यांच्या गाईडने खाली पाठवलं. तो बिचारा रडत होता. ते बघून सरांनी आम्हाला तंबूत बोलावलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "हे लोक कुणालाही खाली पाठवतात. चिमटं लावायच्या आधी दहा वेळा जोरात श्वास घ्या, आकडा वर जातो. आणि डोकं दुखतंय हे शब्द कुणाच्या तोंडातून आले नाही पाहिजेत. आठ निघालोत, आठ खिंडीत उभे राहणार."

आठ प्रौढ माणसं. एक बँकेतला अधिकारी, एक वकील, एक आठवीला विज्ञान शिकवणारी बाई. सगळ्यांनी मान डोलावली. मी वर्गात एखाद्या मुलाला असं करताना पकडलं असतं तर त्याच्या पालकांना बोलावलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायचं डोकं ठणकायला लागलं. जेवण नको म्हणाली. तंबूत आडवी पडून कपाळ दाबत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पित्तच असेल गो वैनी. पण हे जरा वेगळंच वाटतंय."

वेगळंच वाटतंय. हे शब्द तिने उच्चारले होते आणि ते मी ऐकले होते. मी म्हटलं, "काही वेगळं नाही, प्रवासाचं आहे." आगळ दिलं. अर्ध्या तासाने ती तशीच. मग मी स्वयंपाक्याकडून कोमट पाणी आणलं, मीठ घातलं, तिला तंबूमागे नेलं आणि पाठीवर हात ठेवून पित्त पाडायला लावलं. ती ओकली. डोळ्यांतून पाणी आलं. मी तिचं तोंड पुसलं आणि मला मनापासून बरं वाटलं, काहीतरी मार्गी लावल्यासारखं. ज्या उंचीवर माणसाने घोटघोट पाणी पीत राहायचं असतं तिथे मी तिच्या पोटातलं उरलंसुरलं पाणी काढून टाकलं होतं. हवेचा दाब हा धडा मी एकवीस वर्षं शिकवते. उंचावर हवा विरळ होते हे वाक्य मी मुलांकडून दहा-दहा वेळा लिहून घेतलं आहे. या गोष्टीचा मला स्वतःचा इतका संताप येतो की अजूनही तो धडा आला की मी भरभर उरकते.

संध्याकाळी गाईड आला. चिमटं लावण्याआधी सरांनी बायला डोळ्यांनी खुणावलं, तिने बिचारीने दहा श्वास घेतले. गाईडने विचारलं, "दीदी, सिर दर्द?"

माझा नवरा बोलला, "उसको पित्त का तकलीफ है. बचपन से."

गाईड म्हणाला, "भाईसाब, मैंने दीदी से पूछा."

बायने दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. ती म्हणाली, "पित्त है. अभी ठीक है."

गाईडने चिमट्यावरचा आकडा पुन्हा एकदा बघितला. उद्या एक दिवस इथेच थांबू या, असं तो म्हणाला तर सरांनी परतीच्या गाडीचं रिझर्वेशन काढून दाखवलं. आमच्यातल्या कुणीही सरांना गप्प बसा म्हटलं नाही. सकाळी बायने चहाबरोबर अर्धी पोळी खाल्ली, हसली, म्हणून निघालो.

त्या दिवशी ती सगळ्यांत मागे. शेवटच्या चढावर तर होडीतून जेट्टीवर पाय टाकताना चालतात तशी ती चालत होती, पाय फाकवून, अंदाज घेत. दोनदा मी तिच्यासाठी थांबले. तिसऱ्यांदा मला तिचा राग आला. होय, तिचा. सगळे पुढे निघून गेले होते आणि मी, रोज पहिली पोचणारी, हिच्यापायी शेवटची ठरत होते. मी तिला म्हटलं, "अगो, पाय उचल जरा!" तिने हातमोजा घालायचा प्रयत्न केला, अंगठ्याच्या जागी दुसरंच बोट गेलं, आणि ती स्वतःशीच हसली. ते हसणं मला आवडलं नाही, पण मी काही केलं नाही.

वरच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. समोर खिंड दिसत होती. अगदी समोर, उन्हात, माझ्या फोनमधल्या फोटोसारखी, फक्त खरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जायचं होतं.

गाईडने बायला एकदाच बघितलं आणि हातातलं काम टाकून आला. तंबूचा दोर जमिनीवर सरळ पसरला आणि तिला त्यावरून चालायला सांगितलं, टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून. पहिल्या पावलाला ती बाजूला गेली. दुसऱ्या पावलाला त्याने तिला धरलं नसतं तर पडली असती.

"दीदी, आप कहाँ से आए हो?"

नवऱ्याने तोंड उघडलं. गाईडने त्याच्याकडे न बघताच हात वर करून त्याला थांबवलं.

बायने इकडेतिकडे बघितलं. त्या दगडांकडे, बर्फाकडे. मग मला विचारलं, "फेरी सुटली काय गो?"

दाभोळहून पलीकडे धोपाव्याला जाणारी फेरीबोट. तिला वाटत होतं आपण खाडीच्या काठावर उभ्या आहोत.

गाईडचा आवाज पहिल्यांदा चढला. उंचीमुळे मेंदूत पाणी झालंय, आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं, सकाळपर्यंत थांबलो तर ती उठणार नाही. त्याने स्वतः तिला इंजेक्शन दिलं, मदतनिसाला खेचर आणायला पाठवलं आणि विचारलं, घरचं कोण जाणार बरोबर.

सर म्हणाले, "दोघांनी जायची काही गरज नाही." त्या क्षणी, त्या माणसाला, हे सुचलं.

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याची सख्खी बहीण दगडावर बसून बुटांकडे टक लावून बघत होती आणि तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तू जातेस? बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, तिला काही लागलंसवरलं तर. मी उद्या खिंड करतो आणि थेट खाली येतो."

खिंड करतो. मी पाठीवर सॅक चढवली. लोकांना वाटतं बाई गप्प राहिली म्हणजे तयार झाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता आणि बोलले असते तर ते त्या सगळ्यांनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं. बोलायलाच हवं होतं.

बायला खेचरावर बसवून चादरीने बांधलं. मदतनीस लगाम धरून पुढे, मी बाजूने. अंधार पडायच्या आत जितकं उतरता येईल तितकं उतरायचं होतं. ती मान टाकत होती. मी तिला हाका मारत होते, अंगणवाडीतल्या पोरांची नावं विचारत होते. आदल्या मुक्कामाच्याही खाली, ओढ्यापाशी, मेंढपाळांच्या एका दगडी खोपटात आम्ही थांबलो. दर दोन तासांनी मदतनीस तिला उठवून बसवत होता. उजाडल्यावर तिने डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "वैनी, चाय मिळेल काय?" मी त्या खोपटाबाहेर जाऊन रडले. दुपारी आम्ही गाडीरस्त्यापर्यंत पोचलो, तिथून जीपने छोट्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मिठाच्या पाण्याचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच. मला चारचौघांत थोबाडीत मारलेली परवडली असती.

नवरा तिसऱ्या दिवशी आला. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, चेहरा मात्र फुललेला. बायसाठी खिंडीतला एक पांढरा दगड आणला होता. तिने तो हातात घेतला, उलटापालटा करून बघितला, आणि खूश झाली हो! "दादा, थंडी किती होती वर?" असं विचारत बसली. मग त्याने मला फोटो दाखवायला फोन पुढे केला. सहा जण ओळीत, मध्ये सर, हातात झेंडा. मी फोन उलटा करून खाटेवर ठेवला.

दिल्ली ते रत्नागिरी मी त्याच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले ते शेजारच्या बिल्डिंगला ऐकू गेलं. तुझी बहीण मरत होती आणि तू डोंगर चढत होतास, हे मी त्याला किती वेळा सुनावलं असेल! आधी तो सांगायचा, गाईड म्हणाला होता इंजेक्शन लागू पडेल, मी येऊन काय केलं असतं. पुढे त्याने उत्तर देणंच सोडून दिलं. सरांनी ग्रुपचा सत्कार ठेवला, शाल-श्रीफळ, "रत्नागिरीकरांनी सर केला हिमालय". मी गेले नाही. पण त्यानंतर मी ही हकिकत सगळ्यांना सांगितली. स्टाफरूममध्ये, लग्नात, मासळीबाजारात भेटलेल्या मैत्रिणीला. ऐकणाऱ्या बायका "बाई गं!" म्हणायच्या, माझा हात धरायच्या. तुम्ही होतात म्हणून नणंद वाचली, म्हणायच्या. आणि मी ते ऐकून घ्यायचे.

यंदा शिमग्याला दाभोळला गेलो. पालखी घरी येऊन गेली, नवरा पालखीबरोबर पुढच्या वाडीत गेला. पडवीत शेजारच्या दोघी-तिघी चहा घेत बसल्या होत्या. विषय निघाला आणि मी सुरू झाले. बाय कप गोळा करत होती. बाईमाणूस बरोबर असलेलं बरं, इथपर्यंत आले की माझा आवाज आपोआप वाढतो, तसा वाढला. बायकांनी नेहमीसारखंच केलं. त्या गेल्यावर बाय माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली.

"वैनी, आता पुरे कर. दादाला किती बोलशील?"

"का नको बोलू? तुला टाकून गेला तो."

"गेला. चुकलाच तो. माझा भाऊ आहे म्हणून मी असं म्हणत नाय, तो चुकला." हातातले कप पायरीवर ठेवत म्हणाली, "पण तो गेला ते तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. मला त्या दिवसातलं काय आठवत नाय. सुई आठवत नाय, खोपटं आठवत नाय. एकच आठवतंय. मी त्या खेचरावर होते आणि तू बाजूला होतीस. दर वळणाला तू थांबायचीस नि मागे वळून वर बघायचीस, खिंडीकडे. मी हाक मारली तरी वरच बघत होतीस. मला वाटलं, ही आता मला इथंच सोडून परत वर जाणार. तेवढीच मी भ्यायले, वैनी. बाकी कशाला नाय."

ती हे रागाने बोलली नाही. कप उचलून आत गेली, विसळायला लागली.

तू शुद्धीत नव्हतीस, असं मी तिला म्हणू शकले असते. डॉक्टरांनी कागदावर तेच लिहून दिलं होतं. पण तिला बरोबर आठवत होतं.